वय वर्षे तेहतीस

गुळाच्या बंद पडलेल्या गोदामात निशिगंधानं आपल्याच चेहऱ्याला घातलेला झेंडूचा हार पाहिला, तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की हार ताजा आहे. पाकळ्यांवर पाण्याचे थेंब होते. एक मुंगळा हारावरून उतरून रंगवलेल्या गालावर आला होता आणि सावकाश डोळ्याकडे निघाला होता. भीती नंतर आली. आधी पाठीवरची सॅक एकदम जड झाली, आणि सवयीनं उजव्या हाताची दोन बोटं जबड्याखाली नाडीवर गेली. एक, दोन, तीन. मग एक ठोका चुकला. मग दोन घाईघाईनं आले. चित्राखाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : अनाम स्त्री, तैलरंग, अंदाजे १९९५. कपाळ तेच, डाव्या भुवईचं वर चढलेलं टोक तेच, हनुवटीवरचा खळगा तोच. खांद्याखाली कापड कोरं होतं, साडीचा काठ रंगवायचा राहून गेला होता आणि तिथं पेन्सिलीच्या चौकटी दिसत होत्या. पण चेहरा पुरा होता. अकरा दिवसांनी चौतिसावं लागणार असलेल्या बाईचा जेवढा असावा तेवढा पुरा.

खरं तर असल्या जागा बघायलाच ती निघाली होती. गेले पाच महिने पाठीवर सॅक टाकून फिरत होती. कोची, गोकर्ण, हंपी. आणि जाईल तिथं देवळं-किल्ले सोडून आडबाजूच्या चित्रकारांचे अड्डे हुडकत होती. लोकांच्या वेबसाइटांसाठी मजकूर लिहिण्याचं तिचं काम कुठूनही व्हायचं. हंपीच्या हॉस्टेलात खालच्या बंकवरच्या मुलीनं सांगितलं होतं, कोल्हापूरला जा, तिथल्या पोरांनी गोदामात काहीतरी भन्नाट मांडलंय. भन्नाट होतंच. एका कोपऱ्यात वाढदिवसाचे जुने फ्लेक्स शिवून तंबू केला होता. आत शिरलं की चारी बाजूंनी भावी नगरसेवक हात जोडून उभे. दुसऱ्या कोपऱ्यात तालमीतल्या पैलवानांचा नुसता श्वास रेकॉर्ड करून लावला होता. करणारा त्याला ध्वनिशिल्प म्हणत होता आणि दारातला चहावाला दमा म्हणत होता. तिसऱ्या भिंतीवर जुन्या पेंटर लोकांची टाकून दिलेली कामं होती, फ्लेक्स आल्यावर ज्यांचे ब्रश वाळले त्यांच्या माळ्यांवरून गोळा केलेले अर्धेमुर्धे चेहरे, आणि प्रत्येकाला एकेक हार. तंबूत निशिगंधा मनापासून हसली होती. ते हसू अजून तोंडावरून पुरतं उतरलंही नव्हतं. हुपरी इथून बसनं तासाभरावर आहे आणि आपली आई हुपरीत वारली, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक नसल्यासारखं करून ती आली होती, आणि इतकी वर्षं बाबांनीही तेच केलं होतं.

चेहरा तिला नवा नव्हता. चिंचवडच्या दोन खोल्यांत, टीव्हीच्या वर, चंदनाच्या हारात तो पंचवीसहून जास्त वर्षं टांगलेला होता. खाली पांढऱ्या रंगात सुबक अक्षरं होती : कै. सौ. संयोगिता, वय वर्षे ३३. आईबद्दल घरात एवढीच लेखी माहिती. बाबा बोलायचे नाहीत. आई झोपेत गेली, सकाळी उठलीच नाही, हेसुद्धा त्यांनी निशिगंधा बारावीत असताना एकदा, पाठ करून, भांडी विसळता विसळता सांगितलं होतं. आई गेली तेव्हा बाबा तीस वर्षांचे. म्हणजे आई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. म्हणूनच हुपरीच्या माणसांशी संबंध तुटले असणार, म्हणूनच बाबा पैंजणांचं काम सोडून पिंपरीच्या कारखान्यात आले असणार, असं निशिगंधानं आपलं आपण जुळवून टाकलं होतं. जे कुणी सांगत नाही ते माणूस स्वतः रचतं, आणि रचलेलं जास्त घट्ट बसतं. लहानपणी ती बाई तिला परकी वाटायची. पोक्त, ओठ मिटलेली, कुणाचीतरी वाट बघणारी. पंचविशीत एकदा केस विंचरताना आरशात भुवईचं ते टोक दिसलं आणि हातातली फणी तशीच राहिली. मग दरवर्षी थोडं थोडं. गाल उतरले, हनुवटी टोकदार झाली, डोळ्यांखाली तीच सावली आली. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, आईचा छापा उतरलाय गं पोरीत, आणि तिच्या अंगावर काटा यायचा. चित्र जागच्या जागी थांबलं होतं आणि तीच चालत चालत त्याच्याजवळ येत होती. तेहतीस पुरं झालं की दोघी एक होणार. पुढं काय होतं ते चंदनाच्या हारावरून दिसतच होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चित्र उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवलं. भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. भिंतीवर होती तेव्हा निदान कुठं आहे ते कळत तरी होतं. मग ठोके चुकायला लागले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघून म्हटलं, घाबरायचं कारण नाही, पण एकदा इको करून घ्या, चोवीस तास ठोके मोजणारं हॉल्टर लावून बघू. तिनं चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली आणि त्याच संध्याकाळी जाऊन पन्नास लिटरची सॅक विकत घेतली. इको करून काय कळणार होतं? जे नशिबात आहे तेच यंत्रावर दिसणार. आणि दिसलं की मग ते खरं झालं. त्यापेक्षा फिरत राहावं, एका गावात चार दिवसांवर थांबू नये, असा काहीतरी खुळा हिशोब तिच्या डोक्यात बसला होता. शिकलेली बाई, चार ठिकाणी लोकांना शहाणपण लिहून देणारी. पण भीतीपुढं शिक्षणाचं काही चालत नाही, ती बालवाडीतलीच राहते. बालवाडीच्याही आधीचं एक स्वप्न तर अजून पडायचं. स्वप्नात एक माणूस समोर उभा असायचा. एक डोळा मिटलेला. हात लांब करून तो एक काठी तिच्यासमोर धरायचा, काठीवर अंगठा वरखाली सरकवत तिचं माप घ्यायचा आणि म्हणायचा, हालू नगं. सगळीकडं टर्पेंटाइनचा वास. कसलं माप, ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिला माहीत होतं. घराला रंग द्यायचा झाला की ती दोन दिवस मैत्रिणीकडं राहायला जायची.

"अयाई गं!" मागून कुणीतरी ओरडलं. "पावणं, ह्यो तर तुमचाच फोटो की!"

आखूड केसांची, हाताला कोरडा रंग लागलेली एक मुलगी तिच्याकडं आणि चित्राकडं आळीपाळीनं बघत होती. ही मोना, या सगळ्या मांडणीची कर्तीधर्ती. तिच्या ओरडण्यानं श्वासवाला पोरगा आला, चहावाला आला, कॉलेजच्या तीन मुली आल्या. एकीनं फोन वर केला. "जरा चिकटून उभ्या राव्हा की, भारी यील," असं कुणीतरी म्हणालं, आणि निशिगंधाला दिसलं की त्या फोटोत एक चेहरा हारासकट असेल आणि एक हाराशिवाय, आणि बघणाऱ्याला फरक फक्त हाराचाच कळेल. ती वळली, तंबूच्या दोरीला अडखळली आणि जवळजवळ धावतच बाहेर आली.

बाहेर चैत्राचं ऊन होतं. जोतिबाची यात्रा करून परतणाऱ्या माणसांचा टेम्पो दारात चहासाठी थांबला होता. माणसं डोक्यापासून पायापर्यंत गुलालात बुडालेली, पापण्यासुद्धा गुलाबी, चेहरे ओळखू न येणारे. एक म्हातारी तिच्याकडं बघून हसली तेव्हा गुलालात एकदम दात उगवले. निशिगंधा गोदामाच्या भिंतीला टेकून खाली बसली. दोन बोटं गळ्याशी. एक, दोन, चुकला. आत्ताच, असं तिला वाटलं. अकरा दिवस कशाला, आत्ताच, इथंच, जिथून निघालो तिथंच आणून सोडलं आपल्याला. भिंतीला गुळाचा जुना वास येत होता. मरताना असला गोड वास येत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मोना पाण्याची बाटली घेऊन आली आणि शेजारी फतकल मारून बसली. "ऊन लागलं व्हय? प्या. सावकाश." मग जरा थांबून, "माझं चुकलं. मी येड्यागत वरडलो." कोल्हापूरच्या पोरींसारखी ती खुशाल 'वरडलो' म्हणाली.

"ते चित्र कुणाचं आहे?"

"म्हाईत न्हाय बघा. सयाजी पेंटरच्या माळ्यावर घावलं. म्हापुरात त्येंचं समदं गेलं, वरच्या फळीवरची धा-बारा कापडं तेवढी ऱ्हायली. तुमचं कोन लागतंय का?"

"आई," निशिगंधा म्हणाली. आपल्या तोंडून हा शब्द शेवटचा कधी निघाला होता ते तिला आठवेना.

मोना उठली, कपडे झटकले. "चला. म्हातारा हाय अजून. शुक्रवार पेठेत ऱ्हातोय. मी गाडी काढतो."

नको म्हणायला हवं होतं. बसस्टँडवर जाऊन मिळेल ती गाडी धरायला हवी होती. पाच महिने ती तेच तर करत आली होती. पण मोनानं सॅक उचलून स्कूटीच्या पुढं ठेवूनही टाकली होती. रस्ताभर निशिगंधानं डोळे मिटून घेतले. कुठल्याशा वळणावर नदीचा ओला वास आला, आणि मग, गाडी थांबायच्या आधीच, टर्पेंटाइनचा. तिनं मोनाचा खांदा इतका घट्ट धरला की ती कळवळली.

खोली जमिनीलगतची होती. भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ. खिडकीपाशी काळा चष्मा लावलेला एक म्हातारा वर्तमानपत्रावर ब्रश पसरून केस विंचरावेत तसे ते बोटांनी साफ करत बसला होता.

"कोन हाय?"

"मोना हाय, आजोबा. त्या चित्रातल्या बाई आणल्यात."

"चित्रातल्या बाई? मला भ्या दाखिवतीस व्हय गं?" म्हातारा खोकत हसला. "कालच डोळ्याची पट्टी काढलीया. बसा, बाई. त्या स्टुलावर बसा, उजेडात."

स्टूल उंच होतं. निशिगंधा बसली. बसताना डावा पाय आपोआप स्टुलाच्या मागच्या पायाला आतून अडकला आणि हात गळ्याशी गेला. म्हाताऱ्यानं काळा चष्मा काढला. समोरचा एक लांब ब्रश उचलला, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि ब्रशच्या दांडीवर अंगठा वर सरकवला.

"हालू नगं," तो म्हणाला.

स्वप्नात नेहमी इथंच जाग यायची. आता जाग येत नव्हती. माणूस होता, मिटलेला डोळा होता, अंगठा दांडीवरून कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश उतरत होता, आणि ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर पडलं होतं. ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"ह्यो पाय," म्हातारा म्हणाला. "ह्यो पाय म्या वळाकला. तीन दिस सांगत हुतो, पोरी, पाय सोड, पडशील. राजगिऱ्याच्या लाडवाबिगार बसायची न्हाईस तू. हुपरीच्या विजयसिंहाची पोर न्हवं?"

राजगिऱ्याचा लाडू. टाळ्याला चिकटलेला, गूळ उशिरा विरघळणारा. तिनं आयुष्यात कधी राजगिऱ्याचा लाडू खाल्ला नाही असं ती लोकांना सांगायची, आणि आता त्याची चव जिभेवर होती. "मी इथं आले होते?" तिनं विचारलं.

"आलतीस म्हंजे? तुझ्या बानं कडंवर घिऊन आणलंतं. बायको वारलीया, म्हणला, भित्तीवर लावाय फोटो न्हाय. लगनाचा रोलच उडाला फोटोवाल्याचा. एक मतदानाचं कार्ड आणलंतं, त्यात बाई हाय का बाभळीचं झुडूप तेबी कळंना. मग म्या इचारलं, पोरगी हाय न्हवं? घिऊन ये. आमच्या धंद्यात ही रीतच हुती, बाई. मेलेल्याचा फोटो नसला की भैन बसवायची, न्हायतर पोरगी बसवायची. पोरीतनं आय काढायची. हाडं तीच असत्यात. निस्तं वय चढवायचं."

"म्हणजे तो चेहरा..."

"तुझा, पोरी. तुझाच. चार वर्सांची हुतीस, म्या म्होरं नेलीस." त्यानं ब्रश खाली ठेवला आणि तिच्याकडं बघत, उघड उघड खूश होऊन, मान हलवली. "बराबर नेलीया की. भुवईत बी चुकलो न्हाय."

त्याच्या आनंदाचा तिला राग आला. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईला ती घाबरत आली ती आई नव्हतीच. कुणाचंही मरण तिच्याकडं चेहऱ्यातून आलं नव्हतं; तिचाच चेहरा नेऊन कुणीतरी मरणाला चिकटवला होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी पायाखालची फरशी सरकली. "मग आई कशी दिसायची?" तिनं विचारलं.

"म्या बघितली न्हाय गं तिला. तुझ्या बाला इचारलं, नाक कसं, डोळं कसं? त्येला सांगताच यीना. बसला निस्ता. मग म्हणला, हसताना तोंडावर पदर धरायची. आता ह्येच्यावर म्या काय काढू? म्हणून व्हट मिटलेलं काढलं."

मोना दाराशी उभी राहून नखानं चौकटीचा रंग खरवडत होती. निशिगंधानं विचारलं, "पण घरच्या चित्राखाली लिहिलंय. वय वर्षे तेहतीस."

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. "ती माझी चूक," तो म्हणाला. "भित्तीवरची आय जरा पोक्तच काढायची असती. पोरं म्होटी हुत्यात, आन फोटूतली आय ल्हान ऱ्हाती. म्हाताऱ्या ल्योकानं पोरसवद्या आईला हार घालायचा, बरं दिसत न्हाय. म्हणून म्या समद्या आयांना सात-आठ वर्सं चढवायचो. पक्क्या फोटूआदी येक कच्चं कापड रंगवायचो, ते माझ्याकडंच ऱ्हायचं; त्येच्या पाठीवर दोन आकडं लिवायचो, खरं येक आन काढायचं येक. तुझ्या आयच्या फोटूखाली लिवताना म्या काढायचा आकडा लिवला. तुझा बा न्ह्याला आला, वाचलं, उभाच ऱ्हायला. म्या म्हटलं, खोडतो, दोन मिंटाचं काम हाय. तर हात धरला माझा." म्हाताऱ्यानं आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरून दाखवलं. "ऱ्हाऊ द्या, म्हणला. तेवढी तरी जगू दे तिला."

निशिगंधाला बाबा दिसले. टीव्हीच्या वरची धूळ पुसताना ते चित्राची खालची पट्टी नेहमी सगळ्यांत शेवटी पुसायचे, अंगठ्यानं, अक्षरांवरून. ती समजायची नाव पुसतायत. "खरं वय किती होतं?" तिनं विचारलं.

"आता ध्यानात न्हाय बघ. त्या कच्च्या कापडाच्या पाठीवर आसंल, बघा जाऊन."

परत येताना तिनं सॅक पाठीवर घेतली आणि डोळे उघडे ठेवले, पण काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं. भीती गेली नव्हती. ती फक्त जागा बदलून बसली होती, आणि नव्या जागी कशी बसलीय ते अजून कळत नव्हतं. गोदामात पैलवान श्वास घेतच होते. चित्राजवळ कुणी नव्हतं. निशिगंधानं हार काढला तेव्हा मोना सवयीनं म्हणाली, "ताई, ती कन्सेप्ट हाय," आणि लगेच जीभ चावून तिनं चौकटीची दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून चित्र उतरवलं आणि भिंतीकडं तोंड करून उलटं उभं केलं. कापडाच्या पाठीवर पाण्याचे डाग होते, कोळ्याचं जाळं होतं, आणि तांबड्या रंगात ब्रशनं ओढलेली एक ओळ होती. हुपरी, विजयसिंह. खरं २६, काढायचं ३३.

सव्वीस. निशिगंधानं तो आकडा बोटानं गिरवला, मग पुन्हा गिरवला. सव्वीस पूर्ण झाली तेव्हा आपण काय करत होतो? सारसबागेबाहेर मैत्रिणींबरोबर भेळ खात होतो. केकची मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती म्हणून सगळ्या ओरडत होतो. त्या संध्याकाळी, भेळेत मिरची जास्त झाली म्हणून नाक पुसता पुसता, ती आईला मागं टाकून पुढं आली होती आणि तिला पत्ताही नव्हता. ज्या उंबऱ्याला घाबरून ती पाच महिने गावं बदलत होती तो सात वर्षांपूर्वीच ओलांडून झाला होता. बाबांनी बायकोला दिलेली सात वर्षं तिनं जगून संपवली होती, आणि त्यातली निम्मी भिऊन. तिला रडू आलं, पण स्वतःसाठी नाही. तोंडावर पदर धरून हसणारी सव्वीस वर्षांची एक मुलगी हुपरीच्या कुठल्याशा घरात झोपली, शेजारी चार वर्षांची पोर. झोपताना तिच्याही छातीत एखादा ठोका चुकला असेल. तिनं गळ्याशी बोटं नेली असतील का? कुणाला हाक मारली असेल, की सकाळी बघू म्हणून कूस बदलली असेल? तिचा चेहरा आता कुठंच नव्हता. तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या झालेल्या तिच्या मुलीलाही तो कधी दिसणार नव्हता.

तिची बोटं गळ्याशी होती. एक, दोन, तीन, चुकला, दोन घाईनं. पहिल्यांदाच तिला ते ठोके फक्त आपले वाटले. चित्रातून आलेले नाहीत, ठरलेले नाहीत, अकरा दिवसांनी संपणारेही नाहीत, नुसते बिघडलेले. आणि याचीच तिला आता खरी भीती वाटली, कारण या भीतीपासून पळता येत नव्हतं. ही छातीतच होती आणि हिला बघायला कुणीतरी माणूस लागणार होता. आईनं सकाळची वाट बघितली होती.

तिनं पाकीट काढलं. घडीवर फाटत आलेली पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी उलगडली. ती मोनाच्या हातात दिली.

"इथं हृदयाचे डॉक्टर कुठं बसतात?" निशिगंधानं विचारलं.

मोनानं चिठ्ठी वाचली, तिच्याकडं बघितलं आणि स्कूटीची किल्ली काढली. "राजारामपुरीत हायत की. उठा. सॅक ऱ्हाऊ दे हितंच."

निशिगंधानं पाठीवरची सॅक उतरवली आणि उलट्या चित्राशेजारी भिंतीला टेकवून ठेवली.